श्री. झामपार यांची चौकशी

डोंबिवली पूर्व,
५ नोव्हेंबर १९८९

चि. सरोज,

तुझं पत्र परवा मिळालं. आईने ते उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच स्टुलावर बसली. मी मात्र पेन्सिल घेऊन शांतपणे वाचलं. मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागात चौतीस वर्षं काढली. कागद हाती आला की आधी तो नीट वाचायचा आणि मग हादरायचं, ही तिथली सवय निवृत्त झालो तरी सुटलेली नाही.

तुला आम्ही त्रिएस्तेला भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी पाठवलं. दोन वर्षांत तू तिथे लग्न ठरवलंस, तेही फुटबॉल खेळणाऱ्या एका इटालियन गृहस्थांशी. एक वेळ तेही समजून घेऊ. पण श्री. एल्विओ झामपार यांच्यावर तू तीन पानं लिहिलीस आणि त्यांत कामाचं एक वाक्य नाही. त्यांचे डोळे तपकिरी आहेत हे कळलं. नोकरी कायम आहे का, ते कळलं नाही. खेळणं हीच नोकरी असेल, तर निवृत्तीचं वय काय? निवृत्तिवेतनाची सोय आहे का?

ते 'विंगर' आहेत आणि तेरा वर्षं खेळतायत असं तू लिहितेस. मी दामाजीला विचारलं. आपल्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या आवडाबाईचा नवरा. ठाण्याच्या कोळीवाड्यात तो दरवर्षी फुटबॉलच्या मॅची भरवतो, त्यामुळे या विषयातला आपल्या ओळखीचा तोच काय तो अधिकारी माणूस. तो म्हणाला, "टिपणीस साहेब, विंगरला मधे कोन घेत नाय. तो कडेकडेनंच पलतो." म्हणजे तेरा वर्षं सेवा करूनही हे गृहस्थ अजून कडेलाच. मध्ये येण्याची बढती सेवाज्येष्ठतेने मिळते की त्याला खात्याची परीक्षा असते, ते कळव.

तोवर निर्णय राखून ठेवला आहे.

बाबा

ता. क. आई विचारते, तो मासे खातो का.


त्रिएस्ते,
२४ नोव्हेंबर १९८९

प्रिय बाबा,

आईला आधी सांगा, खातो. नुसता खात नाही, त्याचे वडील मासे धरतात. खाडीकाठचं गाव आहे त्यांचं, दारात जाळी वाळत घातलेली. मी गेलेले तेव्हा त्यांनी तारल्या भाजून वाढल्या. आईच्या हातची चव नव्हती, पण मी रडले नाही.

आता विंगर. बाबा, ती खालची पायरी नाही, आणि वरचीही नाही. कडेने चेंडू घेऊन पळायचं, अंगावर येणाऱ्याला चकवायचं आणि मध्ये उभ्या असलेल्याला चेंडू आयता नेऊन द्यायचा. गोल मधला मारतो, फोटो त्याचा येतो. तुम्ही इतकी वर्षं टिपण्या लिहिल्यात आणि सही सचिवांची झाली, अगदी तसंच. एल्विओ उजव्या बाजूचा टिपणीस आहे असं समजा.

अठराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. दोन वर्षं पहिल्या श्रेणीत, म्हणजे इटलीत याच्या वर काही नसतं. नंतर वेगवेगळ्या क्लबांनी त्याला घेतलं, एका क्लबने मध्ये वर्षभर दुसऱ्याला तात्पुरतं दिलं. आत्ताचा मोंतेलागो हा नववा. तिसऱ्या श्रेणीतला आहे, पण गाव सगळं क्लबवर जीव टाकतं. आम्ही कसे भेटलो म्हणाल, तर एका रांगेत भेटलो.

लग्न जूनमध्येच करावं लागेल, तेव्हा सीझन संपतो. आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही. ही धमकी नाही बाबा. मला तो हवा आहे आणि तुम्हीही हवे आहात, आणि दोन्ही धरून ठेवताना मला झोप लागत नाही.

सरोज


डोंबिवली पूर्व,
१० जानेवारी १९९०

चि. सरोज,

उत्तराला उशीर झाला, कारण मी नुसता बसून नव्हतो.

नऊ क्लब, तेरा वर्षं. आमच्याकडे दोन वर्षांच्या आत माणूस हलवला तर त्यामागे एक तर मंत्र्यांची नाराजी असते, नाही तर निनावी तक्रार. मध्ये वर्षभर तात्पुरतं दुसरीकडे दिलं म्हणतेस, ती प्रतिनियुक्ती. प्रतिनियुक्तीवर कोणाला पाठवतात हे मला कोणी सांगायला नको, त्या फायली माझ्याच टेबलावरून जात.

तेव्हा रीतसर चौकशी करणं भाग होतं. तुझ्या आत्याच्या वेळी मी तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या कचेरीत जाऊन शिपायाला चहा पाजला होता. तासाभरात कळलं, माणूस सरळ आहे, फक्त तपकीर ओढतो. इटलीत जाऊन कोणाला चहा पाजणार? म्हणून मी थेट मोंतेलागो क्लबच्या सचिवांना पत्र घातलं.

साध्या कागदावरच्या पत्राला कोणी विचारत नाही, म्हणून आपल्या नवचैतन्य क्रीडा मंडळाचं लेटरहेड वापरलं. मी मंडळाचा कार्यवाह आहे, त्यात गैर काही नाही. मंडळ फक्त कॅरमच्या स्पर्धा भरवतं आणि वर्षातून एकदा सत्यनारायण घालतं, हे लेटरहेडवर छापलेलं नाही. इंग्रजीत सुबक टाइप करून घेतलं. आशय असा: आपल्याकडील श्री. एल्विओ झामपार आमच्या विचाराधीन आहेत. त्यांची वर्तणूक, प्रकृती व सवयी यांबाबत गोपनीय मत कळवावे. येत्या जूनमध्ये आम्ही त्यांना घेऊ इच्छितो, आपली हरकत असल्यास तसे कळवावे. आमची व्यक्ती तेथेच असून प्रत्यक्ष पाहणी करीत आहे.

शेवटचं वाक्य हे चौकशीतलं जुनं तंत्र आहे. कोणी तरी बघतंय म्हटलं की माणसं खरं बोलतात. तुझं नाव किंवा लग्नाचा विषय काही घातला नाही. चौकशीच्या पत्रात मुलीचं नाव घालायचं नसतं, एवढा व्यवहार मला कळतो.

पत्र महिन्यापूर्वीच टाकलं. आधी सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास.

बाबा

ता. क. मुलाचे वडील मासे धरतात हे आईने आवडाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "कोल्याचा पोर हाय ना वैनी, मंग इचारताव कनाला?" तिच्या मते चौकशी संपली.


त्रिएस्ते,
१२ फेब्रुवारी १९९०

बाबा,

आज नमस्कार वगैरे काही नाही. रागावले आहे.

मोंतेलागोच्या पेपरात बातमी आली आहे, 'भारतीय क्लबला झामपार हवा'. खाली एल्विओचा फोटो आणि शेजारी हत्तीचा. नवचैतन्य हा मुंबईजवळचा बडा क्लब आहे असंही त्यात लिहिलंय. बाबा, फुटबॉल क्लबला कुणी लेटरहेडवर लिहिलं की तुमचा खेळाडू आम्ही जूनमध्ये घेतो, तर त्याचा एकच अर्थ होतो. तुम्ही जावयाची चौकशी केलीत. त्यांना वाटलं, तुम्ही विंगर नेताय.

एल्विओ आधी पोट धरून हसला. मग कळलं की क्लबने त्याला न विचारताच तुम्हाला उत्तर धाडलंय, खुशाल न्या म्हणून. तो हसायचा थांबला. तेरा वर्षं पळालेल्या माणसाला आपण नकोसे आहोत हे असं पेपरातून कळावं. मला फार वाईट वाटलं, आणि ते तुमच्यामुळे झालं.

आता मी लपवलेलंही सांगते. तो ऑक्टोबरपासून खेळलाच नव्हता, दर रविवारी राखीव बाकावर. त्याच्या उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालीत. आम्ही भेटलो ती रांग हॉस्पिटलातली होती. इथे बोरा नावाचा वारा सुटतो, त्याने मला जिन्यावरून पाडलेलं, मनगट मोडलेलं, आणि माझ्यापुढे हा गुडघा घेऊन बसलेला. जूनमध्ये त्याचा करार संपतो. पुढचं काही ठरलेलं नाही.

आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. तुमची ती 'पाहणी करणारी व्यक्ती' स्टेडियममध्ये असणार म्हणून ट्रेनरने गेले दोन रविवार त्याला पूर्ण वेळ खेळवलं. माल दाखवायला. काल त्याच्या पासवर दोन गोल झाले.

ताबडतोब क्लबला लिहा की गैरसमज झाला. एल्विओला मी सांगून टाकलंय की तुम्ही लिहिताय.

सरोज


डोंबिवली पूर्व,
१ मार्च १९९०

चि. सरोज,

तुझं पत्र आणि क्लबचं उत्तर एकाच टपालाने आलं. क्लबचं आधी वाचलं, ते बरं झालं.

सचिवांनी मोडक्या इंग्रजीत का होईना, पानभर लिहिलंय. वर्तणूक उत्तम. जेवणाबरोबर वाइनचा एक पेला, सिगारेट नाही. पिवळी कार्डं फार थोडी. दामाजीने समजावलं त्यावरून ती म्हणजे कारणे दाखवा नोटीस, तेव्हा तेवढी कोणालाही मिळतात. गुडघ्याच्या दोन्ही शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःहून कळवल्या आहेत. आणि शेवटी, आम्हाला काही नको, फक्त प्रवासखर्च तुमचा. आई म्हणाली, मुलाकडची इतकी सरळ माणसं तिने आजवर पाहिली नाहीत.

गुडघा मला परक्या माणसाकडून कळला. माझी मुलगी मला रांग एवढंच लिहिते. याचं वाईट वाटलं, ते नोंदवून पुढे जातो.

माझी अडचण समजून घे. एकतीस वर्षांचा माणूस, गुडघा गेलेला, तीन महिन्यांत निवृत्त. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तर घरात माझं काय करायचं हा प्रश्न पडला होता. अशा माणसाला मुलगी देताना 'हो' लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र वाचून 'नाही' लिहायलाही धजत नाही.

गैरसमज दूर करणारं पत्र लिहायला मी बसलो होतो. मग तुझा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. खुलासा केला की प्रकरण बंद, आणि प्रकरण बंद झालं की ते गृहस्थ परत बाकावर. प्रकरण निकाली काढण्यात माझं फारसं नाव नव्हतं. पण ते उघडं ठेवण्यात माझा हात धरणारा मंत्रालयात कोणी नव्हता. काल क्लबला कळवलं की प्रस्ताव विचाराधीन असून पुढील मुद्द्यांचा खुलासा व्हावा. जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत पाठवावी. देवीची लस टोचल्याचा दाखला जोडावा. दामाजीने एक मुद्दा दिला, तोही घातला: भरतीच्या वेळी आमचं मैदान खाडीच्या बाजूने अरुंद होतं, तर आपला विंगर प्रसंगी दुसऱ्या कडेनेही पळू शकेल काय? याला त्यांना महिना लागेल. मग त्यांच्या खुलाशावर मी खुलासा मागवीन.

यात खोटं एक अक्षर नाही. ते खरोखरच माझ्या विचाराधीन आहेत.

हा होकार समजू नये.

बाबा


त्रिएस्ते,
२ एप्रिल १९९०

प्रिय बाबा,

तुमच्या खुलाशांनी क्लबचा सचिव वेडा व्हायचा बाकी राहिला होता. स्टेडियममध्ये भारतीय म्हणून मी एकटीच, तेव्हा तुमची 'पाहणी करणारी व्यक्ती' मीच असं त्यांनी धरलं. एका रविवारी क्लबचे अध्यक्ष स्वतः उठून आले, मला वर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत नेऊन बसवलं, कॉफी मागवली आणि हळूच विचारलं, "कसा वाटतो?" मी पर्समधला कागद काढून त्यावर एक समीकरण लिहिलं आणि घडी घालून ठेवून दिला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी खाली ट्रेनरला खूण केली, एल्विओला काढू नकोस म्हणून.

मी त्यांना काही सांगितलं नाही. तुमच्यावर रागावलेली मी, आणि मीच गप्प बसले, कारण एल्विओ खेळत होता. तुम्ही त्याला खेळताना पाहायला हवं बाबा. दोघं अंगावर धावून येतात आणि हा बस चुकल्यासारखा नुसता उभा राहतो. ते दोघं गोंधळून थांबले की हा निघून गेलेला असतो. पाच सामने तो असा खेळला.

आणि मग सचिवाने त्याच्याकडे देवीचा दाखला मागितला. त्याची समजूत की तुम्ही केव्हाच सगळं कळवलंत. रात्री त्याने मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो ओरडला वगैरे नाही. शुक्रवारी सरळ अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, भारतात क्लब नाही, कॅरम बोर्ड आहे, आणि पत्र लिहिणारे माझ्या मुलीचे वडील आहेत. मुलगी म्हणजे मी, प्रेयसीला त्यांच्यात तसंच म्हणतात. काल तो बाकावर. संघ तीन गोलांनी हरला.

मी चिडले. म्हटलं, दोन महिने कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं, त्यांनी तरी कुठे तुला विचारून उत्तर पाठवलं? तो म्हणाला, तुझ्या वडिलांना मी कसा माणूस आहे ते हवंय ना, मग हेही त्यांना कळव.

म्हणून कळवते आहे.

सरोज


डोंबिवली पूर्व,
१५ एप्रिल १९९०

सरोज बाळा,

हे पत्र मी बाबांना न सांगता टाकतेय. तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते वाचलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवायला ओले बोंबील होते, तरी जेवले नाहीत. मग आपल्याशीच म्हणाले, "मी फाइल उघडी ठेवली, त्याने स्वतःच्या हाताने बंद केली." रागाने म्हणाले की कौतुकाने, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसेल.

तेव्हापासून रोज तुला पत्र लिहायला बसतात, चि. सरोज एवढं लिहून कागद फाडतात. त्यांना हो म्हणायचंय गं. पण सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरा मारण्यात गेलं. इथे अर्जच नाही, तर शेरा कुठे मारणार? मला वाटतं त्या मुलाने एकदा स्वतः लिहावं. काहीही लिहू दे.

मी काल कल्याणला जाऊन साड्या बघून आले. आवडाबाई बरोबर होती. दामाजी जावयासाठी मॅच ठेवतो म्हणतोय, त्याला अजून काही ठरलेलं नाही असं सांगितलं तर तो हसला.

तुझी आई


त्रिएस्ते,
३० एप्रिल १९९०

बाबा, एल्विओ बोलतोय ते मी जसंच्या तसं मराठीत उतरवते आहे. सरोज.

श्री. टिपणीस यांना,

मी पत्रं लिहीत नाही. घर सोडलं तेव्हा आईला लिहिलेलं की बूट लहान होतायत. त्यानंतर हेच.

बाकावर तीन रविवार काढले. काल अध्यक्षांनी मला परत खेळवलं. म्हणाले, तुझा सासरा वेडा आहे, पण तुझ्याशिवाय आम्ही खालच्या श्रेणीत जातो. आम्ही जिंकलो. मग त्यांनी आणखी एक वर्षाचा करार पुढे केला. हे कुठल्या पत्रामुळे आहे का, ते मी विचारून घेतलं. नाही म्हणाले.

सरोजला आनंद झाला, मलाही झाला. पण गुडघा कसा आहे ते मला एकट्याला माहीत. सकाळी जिना उतरताना मी कठडा धरतो. ती बरोबर असली की धरत नाही. (हे मला आत्ता, लिहिताना कळलं. स.)

वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, जाळं आहे, ये घरी. ट्रेनर म्हणतो, खेळ. दोघांनीही कधी काम सोडलेलं नाही. ज्यांचं काम संपलंय असे माझ्या ओळखीत तुम्ही एकटेच, म्हणून तुम्हाला विचारतो. शेवटचा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत? मला त्या सकाळची भीती वाटते.

लग्नाचं मी विचारत नाही. ते तुम्ही तुमच्या वेळेने सांगाल.

एल्विओ झामपार


डोंबिवली पूर्व,
१२ मे १९९०

चि. एल्विओ यास,

अनेक आशीर्वाद. सरोज हे तुला वाचून दाखवील. तिने काही गाळू नये, गाळायची तिला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेर आलो तर मंदाकिनीने, म्हणजे सरोजच्या आईने, सवयीने डबा भरून ठेवलेला. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मला तो डबा तसाच ठेवून पेपर वाचत बसणं जमेना. मी तो उचलला आणि घराबाहेर पडलो. कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकाठी जाऊन बसलो, दुपारी एकट्याने डबा खाल्ला आणि सात वाजता, ऑफिसातून परतायच्या वेळेला, घरी आलो.

असं मी महिनाभर केलं. रोज. ती रोज डबा भरत होती आणि कुठे जाता हे तिने एकदाही विचारलं नाही. मग एक दिवस तिने डब्याऐवजी ताट वाढलं, समोर स्वतःचंही वाढून घेतलं, आणि मी बसलो. सरोज तेव्हा पुण्याला शिकत होती. हे तिला ठाऊक नाही, कोणालाच नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं. मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा भीती वाटते ती बरोबर वाटते. ती सकाळ वाईटच असते. समोर कोणी ताट घेऊन बसणारं असलं की निभते, एवढंच मी अनुभवाने सांगू शकतो. म्हणून आधी लग्न कर आणि मग करारावर सही कर. ते खेळवतायत तोवर खेळ. मला कोणी आणखी एक वर्ष दिलं असतं तर मी दोन्ही हातांनी घेतलं असतं. पुढच्या वर्षी ती सकाळ येईल तेव्हा सरोज घरात असेल. तिला स्वयंपाक बेताचाच येतो, तो तू शिकून घे.

जूनचा दुसरा आठवडा ठरवला आहे. तेव्हा सगळं जग वर्ल्ड कपसाठी इटलीत जाणार आणि तू तेवढा इटलीहून डोंबिवलीत येणार, याचं इथे सर्वांना नवल वाटतंय. मॅची आमच्या टीव्हीवर बघू. शेजारी तुला टीव्हीत शोधायला बसतील. तू त्यांच्यातच बसलेला असशील.

तुझ्या आईवडिलांना घेऊन ये. वडिलांच्या समोर कोणते मासे ठेवायचे यावर इथे आवडाबाई आणि मंदाकिनी यांच्यात मतभेद आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. कठडा धरून चढ. सगळी बिल्डिंग बघायला जिन्यात उभी असेल, तरी धर. मीही धरतो.

बाबा